पीटचे खड्डे आणि नॉरफोकची टाचणी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफोक आणि सफोक या परगण्यांत, ब्यूर, अँट, थर्न, यार आणि वेव्हनी या संथ नद्यांच्या खोऱ्यांतून जी उथळ तळी विखुरलेली आहेत, त्यांना त्या भागात ‘ब्रॉड’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भूगोलाच्या आणि निसर्गविज्ञानाच्या अभ्यासकांनी ही तळी निसर्गनिर्मित मानली होती. प्राचीन काळी आत शिरलेली समुद्राची खाडी गाळाने भरत गेली आणि जे पाणी मागे उरले ते म्हणजे हे ब्रॉड, अशी सर्वमान्य उपपत्ती होती. वस्तुतः ही तळी मध्ययुगातील जळणाच्या धंद्याने खोदलेले खड्डे आहेत, आणि त्यांच्या काठच्या दलदलीत विसाव्या शतकाच्या आरंभी सापडून त्याच शतकाच्या मध्यास नाहीशी झालेली एक टाचणी ही त्या धंद्याची आणि त्याच्या मागोमाग आलेल्या धंद्यांची आश्रित होती. तिचा इतिहास त्यामुळे कीटकशास्त्राच्या ग्रंथांत जेवढा सापडतो, त्याहून अधिक मठांच्या जमाखर्चात, गावशिवांच्या नकाशांत आणि बोरू कापणाऱ्यांच्या हंगामात शोधावा लागतो.

चतुर आणि टाचण्या हे एकाच गणातील कीटक असले, तरी चतुर बसताना पंख आडवे पसरून ठेवतो आणि बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटून घेतात. टाचणीचा देह बारीक, उडणे दुबळे आणि डोळे परस्परांपासून दूर असतात. प्रस्तुत टाचणीला शास्त्रीय परिभाषेत सीनाग्रिऑन आर्मेटम म्हणतात. तिचे पहिले वर्णन टूसां द शार्पांतिए या अभ्यासकाने १८४० मध्ये प्रसिद्ध केले. नराचे पोट वरून बहुतांशी काळे असते, त्यावर बुडाशी आणि शेपटीजवळ निळे पट्टे असतात, आणि पोटाच्या टोकाशी मादीला धरण्याचे जे चिमट्यासारखे अवयव असतात त्यांतील खालची जोडी या जातीत विशेष लांब असते. स्कँडिनेव्हिया, फिनलंड आणि बाल्टिक किनाऱ्यापासून सैबेरियापर्यंत तिचा वावर आहे. इंग्लंडमध्ये मात्र ती फक्त नॉरफोकच्या मोजक्या ब्रॉडांवर आढळली आणि तिला नॉरफोकचेच नाव मिळाले.

तिच्या गरजा थोड्या, पण नेमक्या आहेत. मादी पाण्यातील वनस्पतींच्या पेशीजालात अंडी घालते. अंड्यातून निघालेला डिंभ, म्हणजे पाण्यात राहणारी अपक्व अवस्था, पाणवनस्पतींच्या गुंत्यात लहान जीवांची शिकार करीत वाढतो आणि पुढच्या मे महिन्याच्या सुमारास एखाद्या काडीवर चढून कात टाकतो. पंख फुटलेल्या टाचणीचे आयुष्य त्यानंतर काही आठवड्यांचे असते आणि ते तिने पाण्याच्या पृष्ठभागापासून फार वर न जाता, उभ्या काड्यांच्या मधून वाट काढीत घालवायचे असते. त्यासाठी पाणी उथळ, स्वच्छ आणि वाऱ्यापासून आडोशाचे हवे, बोरू किंवा लव्हाळा हवा पण विरळ हवा, आणि पाण्यावर तरंगती पाने हवीत. अशी जागा दलदलीच्या आयुष्यातील एक मधली अवस्था असते: उघडे पाणी बोरूने व्यापत जाते, बोरूच्या कुजक्या पाचोळ्याने तळ वर येतो, त्यावर वाळुंज आणि ऑल्डरची झाडे रुजतात आणि अखेर तळ्याच्या जागी चिखलातले रान उभे राहते. ही चाल कोणीतरी पुन्हापुन्हा मागे ढकलत राहिले, तरच मधली अवस्था टिकते. नॉरफोकमध्ये हे काम शतकानुशतके जळण खोदणाऱ्या आणि छपराचे गवत कापणाऱ्या माणसांनी केले.

जळणाचा प्रश्न तिथे फार जुना होता. १०८६ मध्ये विल्यम राजाच्या आज्ञेने झालेल्या ‘डूम्सडे’ या मुलखाच्या पाहणीत पूर्व नॉरफोक हा इंग्लंडमधील सर्वांत दाट वस्तीच्या प्रदेशांपैकी एक दिसतो. जमीन सुपीक, शेती दाट आणि झाडी मात्र विरळ. नॉरिच हे देशातील मोठ्या शहरांपैकी एक होते आणि किनाऱ्यावरचे यारमथ हे हेरिंग माशांच्या व्यापाराने भरभराटीस आलेले बंदर होते. एवढ्या चुली पेटवायला लाकूड पुरणे शक्य नव्हते. नद्यांच्या खोऱ्यांत मात्र पीटचा साठा हाताशी होता. पीट म्हणजे पाणथळ जागी अर्धवट कुजून हजारो वर्षांत साठत गेलेला वनस्पतींचा थर. तो कापून विटा पाडल्या आणि उन्हावाऱ्यात वाळवल्या की त्या मंद पण दीर्घकाळ जळतात. वरचा थर बोरूच्या मुळ्यांचा, हलका आणि कमी ज्वलनाचा असतो, तर झाडाझुडपांच्या अवशेषांचा दाट थर काही मीटर खाली लागतो, आणि खोदणाऱ्यांना हवा होता तो हा खालचा थर. नदीच्या लगत या पीटमध्ये समुद्राने आणलेल्या चिकणमातीचा पट्टा घुसलेला होता, त्यामुळे ते नदीपासून थोडे बाजूला सरून खोदत गेले. आजचे अनेक ब्रॉड नदीच्या प्रवाहात नसून तिच्या कुशीत का आहेत, याचे कारण या निवडीत आहे.

धंद्याचा आकार मठांच्या हिशेबवह्यांवरून कळतो. नॉरिचच्या कॅथीड्रलशी जोडलेल्या मठाच्या एकट्या स्वयंपाकघरात चौदाव्या शतकात वर्षाला चार लाखांच्या आसपास पीटच्या विटा जळत असत. ब्यूर नदीकाठचा सेंट बेनेटचा मठ आणि आसपासचे जमीनदार यांच्या उत्पन्नात पीट खोदण्याच्या हक्काला पक्के स्थान होते. कोणत्या कुळाने किती रुंदीच्या पट्ट्यात खोदावे हे ठरलेले असे आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये न खोदलेला बांध राखला जाई. बाराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान या खोऱ्यांतून मिळून सुमारे ९० कोटी घनफूट पीट निघाले, असा नंतरच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढे प्रचंड खोदकाम फावड्यांनी आणि टोपल्यांनी झाले, आणि ते करणाऱ्यांच्या वंशजांना पाचशे वर्षांनी त्याचा पूर्ण विसर पडला, ही गोष्ट इतिहासलेखनाच्या दृष्टीने फारशी भूषणावह नाही. विसर पडण्याचे कारण मात्र उघड आहे: मठ बुडाले, दप्तरे पांगली, आणि पाणी भरलेला खड्डा शंभर वर्षांत तळ्यासारखा दिसू लागतो.

पाणी भरले ते एका दिवसात नव्हे. समुद्राची पातळी जमिनीच्या मानाने चढत होती आणि या नद्यांचा उतार नाममात्र असल्याने समुद्राकडचा फुगवटा खोऱ्यात दूरवर जाणवे. १२८७ च्या डिसेंबरमधील वादळाने किनारा फोडून आत पाणी घातले आणि माणसे व गुरे मोठ्या संख्येने बुडाली. त्यानंतर चौदाव्या शतकात पूर वारंवार येत राहिले. काही ठिकाणी खोदणाऱ्यांनी हार न मानता पाण्याखालचा चिखल जाळ्यांनी उपसून त्याच्या विटा थापण्याचा मार्ग काढला, पण त्यात श्रम अधिक आणि माल हलका होता. १३४९ च्या महामारीने मजूर उरले नाहीत आणि उरलेल्यांची मजुरी चढली. ईशान्य इंग्लंडमधून समुद्रमार्गे येणारा दगडी कोळसाही हळूहळू स्पर्धेत उतरला. पुढच्या काळातील कागदपत्रांत जिथे पूर्वी पीटचे उत्पन्न नोंदलेले असे, तिथे मासेमारीचे हक्क दिसू लागतात.

हे सारे उजेडात आले १९५० च्या दशकात. जे. एन. जेनिंग्स या भूगोलतज्ज्ञाने ब्रॉडांच्या उत्पत्तीवरील आपला प्रबंध १९५२ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यात तळी नैसर्गिक असल्याचेच मांडले. त्याच सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लँबर्ट हातगिरमिटाने पूर्वीपेक्षा फार जवळजवळ भोके पाडून तळ तपासत होत्या. त्यांना आढळले की तळ्यांच्या बाजू उतरत्या नसून भिंतीसारख्या उभ्या आहेत, तळ सपाट आहे, आणि पाण्यात मधूनच उठणाऱ्या अरुंद, सरळ पीटच्या रांगा व बेटे गावशिवांशी जुळतात. गाळाने हळूहळू बनलेल्या तळ्याला असा आकार येत नाही. तो फावड्याचाच असू शकतो. पुढे जेनिंग्स यांनी आपले मत सोडले, सी. टी. स्मिथ यांनी मठांची दप्तरे धुंडाळून पुराव्याची दुसरी बाजू उभी केली, आणि या सर्वांचे संयुक्त पुस्तक १९६० मध्ये निघाले. स्वतःच्या नुकत्याच छापलेल्या सिद्धान्ताविरुद्ध सहलेखक म्हणून नाव देण्याची जेनिंग्स यांची तयारी विद्वानांच्या जगात दुर्मीळच म्हणावी लागेल.

ब्रॉड तयार झाल्यावरही दलदलीतील माणसाचे काम संपले नाही, आणि टाचणीच्या दृष्टीने हा दुसरा काळ पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. तळ्यांच्या काठचा बोरू हिवाळ्यात, पाने गळून काड्या कडक झाल्यावर, साधारण डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कापला जाई आणि घरे शाकारण्यासाठी विकला जाई. नॉरफोकच्या बोरूचे छप्पर दोन पिढ्या टिकते अशी त्याची ख्याती होती. छपराच्या आढ्यावर, जिथे काडी वाकवावी लागते, तिथे बोरू चालत नाही. तिथे लव्हाळ्याच्या कुळातील, करवतीसारख्या कडांचे एक लवचीक गवत लागते, आणि ते उन्हाळ्यात, तीन-चार वर्षांतून एकदा कापावे लागते. याखेरीज दलदलीचे हलके गवत गुरांना आणि घोड्यांच्या पागेत अंथरायला जाई, आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे घोड्यांवर चालणारे लंडन शहर होते. कापलेला माल चरांतून होड्यांनी बाहेर आणायचा असल्याने हे चर दरवर्षी उपसून मोकळे ठेवावे लागत. पी. एच. एमर्सन या छायाचित्रकाराने चित्रकार टी. एफ. गुडॉल याच्यासह १८८६ मध्ये या प्रदेशाच्या जीवनावरील जो छायाचित्रसंग्रह काढला, त्यात बोरूच्या गंजी, लादलेल्या होड्या आणि दलदलीतून परतणारी माणसे दिसतात. कलेच्या इतिहासात तो संग्रह गाजला, पण दलदल किती उघडी आणि किती कापलेली होती याचा दस्तऐवज म्हणूनही तो तेवढाच मोलाचा आहे.

पीटचे खोदकामही पुरते थांबले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सामाईक जमिनींची कायद्याने वाटणी झाली, तेव्हा अनेक गावांत दलदलीचा एक तुकडा गावातील गरिबांच्या जळणासाठी राखून ठेवण्यात आला. या तुकड्यांत मध्ययुगासारखे खोल खड्डे न पाडता वरचा, हातभर ते कमरेइतका थर कापला जाई, आणि त्यातून जे उथळ डबके उरे ते काही वर्षांत विरळ बोरूने, लव्हाळ्याने आणि तरंगत्या पानांनी भरे. सटन, कॅटफील्ड आणि बार्टन या अँट नदीच्या खोऱ्यातील गावांभोवती अशी डबकी पुष्कळ होती. टाचणीला हवी असलेली मधली अवस्था मध्ययुगीन ब्रॉडांनी एकदा निर्माण केली. या डबक्यांनी ती एका जागी जुनी झाली की दुसऱ्या जागी नव्याने पुरवली. गरिबांची चूल आणि टाचणीचे घर एकाच तरतुदीतून चालले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही, मात्र ती तरतूद करणाऱ्यांच्या मनात टाचणी अर्थातच नव्हती.

टाचणीची गाठ अभ्यासकांशी पडली ती अशा ठिकाणी. १९०२ मध्ये युस्टेस आणि रॉबर्ट गर्नी या बंधूंनी सटन ब्रॉडच्या काठी गोड्या पाण्यातील जीवसृष्टीच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा काढली. ब्रिटनमधील अशा प्रकारची ती पहिली होय. पुढे पाणभुंग्यांचा अभ्यासक म्हणून नावारूपाला आलेला फ्रँक बॅलफर-ब्राउन तिचा प्रमुख झाला, आणि तिथल्या पहिल्या हंगामांत त्याला ही टाचणी सटन आणि स्टॅलमच्या परिसरात सापडली. ब्रिटनमधील चतुरांवरचे डब्ल्यू. जे. लूकस याचे प्रमाणभूत पुस्तक १९०० मध्येच निघाले होते, त्यामुळे त्यात तिला स्थान मिळाले नाही. १९३७ मध्ये सिंथिया लाँगफील्ड यांच्या पुस्तकापर्यंत ती ब्रिटिश जातींच्या यादीत रुळली होती. प्रयोगशाळा मात्र फार वर्षे चालली नाही. जे सटन ब्रॉड एकेकाळी उघडे पाणी होते, ते बॅलफर-ब्राउनच्या काळातच बहुतांशी बोरूने व्यापले होते. टाचणी विपुल होती ती यामुळे: अवस्था अगदी तिच्या मनासारखी होती. पण ती अवस्था पुढे सरकत होती, आणि तिला मागे ढकलणारे हात कमी होत चालले होते.

पहिल्या महायुद्धानंतर हे हात झपाट्याने आटले. लंडनच्या रस्त्यांवर मोटारी आल्या आणि घोड्यांच्या अंथरणीचा बाजार बसला. रेल्वेने कोळसा आणि पन्हाळी कौले गावागावांत पोहोचवली, पीट जाळणे गरिबांनाही परवडेनासे झाले, आणि छपराच्या गवताला मागणी राहिली ती मोजक्या जागी. जिथे होडी पोहोचणे अवघड होते ते कोपरे प्रथम सुटले. बोरू कापला गेला नाही की जुन्या काड्या उभ्या राहतात, त्यांच्या पाचोळ्याने पाणी झाकले जाते, आणि मे महिन्यात जिथे कोवळ्या कोंबांमधून टाचणीने उडावे तिथे वाळक्या काड्यांची भिंत असते. मागोमाग वाळुंज येते आणि सावली पडते. नॉरफोकमधील तिची अखेरची दर्शने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील आहेत. ज्या दशकात ब्रॉडांचा मानवी उगम सिद्ध झाला, त्याच दशकात त्या उगमावर जगणारा हा जीव संपला, हा निव्वळ योगायोग असला तरी नोंद घेण्याजोगा आहे.

नाश होण्याची इतर कारणेही सांगितली जातात. १९३८ च्या फेब्रुवारीत हॉर्सी येथे समुद्राने वाळूचे टेकाड फोडले आणि खारे पाणी आत पसरले. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्राच्या पुराने सारा पूर्व किनारा झोडपला. एसेक्समधील सीनाग्रिऑन स्किट्युलम ही दुसरी टाचणी त्या पुराने ब्रिटनमधून नष्ट केली, यात वाद नाही. पण १९३८ च्या पुराचा मुख्य तडाखा थर्नच्या खोऱ्याला, म्हणजे हिकलिंगच्या बाजूला बसला. अँटच्या खोऱ्यातील सटनचा ऱ्हास त्याने समजत नाही. कातड्यासाठी दक्षिण अमेरिकेतून आणलेला कॉयपू हा मोठा उंदीरवर्गीय प्राणी १९३० च्या दशकात पिंजऱ्यांतून सुटला आणि त्याने बोरूची बेटे खाऊन टाकली. तो अखेर १९८९ पर्यंत निपटून काढावा लागला. त्याने उलट काही जागा उघड्याच केल्या. सांडपाण्यातील फॉस्फेट आणि शेतातील खतांमुळे पाणी हिरवेगार होऊन पाणवनस्पती मरणे, हा ब्रॉडांवरचा सर्वांत मोठा आघात, पण त्याचा कळस दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत झाला आणि बार्टन ब्रॉडमधील पाणवनस्पती १९६० च्या दशकात गेल्या. तोवर टाचणी गेलेली होती. तेव्हा मुख्य दोष धंदे बंद पडण्याकडे आणि त्यातून दलदल रानाच्या दिशेने सरकण्याकडेच जातो. बाकीच्या कारणांनी उरलीसुरली ठिकाणे तोडली असतील.

या निष्कर्षाला पुष्टी देणारी गोष्ट त्याच प्रदेशात आहे. नॉरफोक हॉकर हा हिरव्या डोळ्यांचा, तपकिरी रंगाचा मोठा चतुर त्याच खोऱ्यांत टिकून राहिला आणि अलीकडे त्याचा विस्तारही झाला. तो राहतो गुरांच्या कुरणांना वेढणाऱ्या चरांत, जिथे वॉटर सोल्जर नावाची काटेरी पाणवनस्पती वाढते. आणि कुरणांचा निचरा हवा असल्याने ते चर आजही ठरावीक वर्षांनी उपसले जातात. ज्याच्या पाण्याला अजून मालक आणि प्रयोजन होते तो जगला.

अधिक थेट पुरावा उत्तर समुद्राच्या पलीकडे आहे. नेदरलंड्सच्या ओव्हरआयसल प्रांतातील वेररिबेन ही दलदलही पीट खोदूनच झालेली आहे: तिथे पीट कापून काढलेले लांब पाण्याचे पट्टे आणि कापलेले पीट वाळवायला राखलेल्या अरुंद जमिनीच्या पट्ट्या एकाआड एक जातात. लगतच्या भागात खोदणाऱ्यांनी हाव धरून या पट्ट्या फार अरुंद केल्या, तेव्हा वादळांनी त्या फोडून मोठी सरोवरे केली आणि १७७६ च्या पुरात बेउलाके हे गाव पाण्याखाली गेले. पीट संपल्यावर इथेही लोक बोरू कापण्याकडे वळले, आणि तो धंदा अजून जिवंत आहे. ही टाचणी नेदरलंड्समधून १९५० च्या दशकापासून नाहीशी झाल्याचे धरले होते. १९९९ मध्ये ती वेररिबेनमध्ये पुन्हा आढळली, तीही अस्पर्श रानात नव्हे तर उथळ पाण्यात उभ्या असलेल्या, नियमाने कापल्या जाणाऱ्या विरळ बोरूत. १९९२ पासून राष्ट्रीय उद्यान असलेल्या या भागात बोरू कापणाऱ्याला संरक्षणाचा घटक मानण्यात येते, आणि ज्या पट्ट्यांतून नुसत्या विक्रीवर खर्च भागत नाही तिथे सरकारी मदतीने कापणी चालू ठेवली जाते.

ब्रॉडांच्या प्रशासनानेही हा धडा उशिरा का होईना स्वीकारला आहे. १९८८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या प्राधिकरणाच्या काळात बार्टन ब्रॉडमधून सुमारे तीन लाख घनमीटर गाळ यंत्राने शोषून काढला गेला, सुटलेल्या दलदलीतून वाळुंज आणि ऑल्डर तोडले गेले, आणि काही ठिकाणी एकोणिसाव्या शतकातील गरिबांच्या डबक्यांच्या धर्तीवर नवी उथळ डबकी मुद्दाम खोदण्यात आली. या वेळी निघालेले पीट जाळण्यासाठी नव्हते. या डबक्यांत विरळ बोरू आणि तरंगती पाने परत आली. दुबळ्या पंखांच्या टाचणीला मात्र तिथे पोहोचायचे तर समुद्र ओलांडावा लागेल. एसेक्समधून गेलेली तिची नातलग, सीनाग्रिऑन स्किट्युलम, २०१० मध्ये केंटच्या किनाऱ्यावर पुन्हा दिसली. पण ती फ्रान्सच्या लगतच्या किनाऱ्यावरही असते आणि उबदार होत चाललेल्या हवामानाबरोबर उत्तरेकडे सरकत आहे, तर नॉरफोकची टाचणी थंड प्रदेशाची, आणि नेदरलंड्समधील तिची वस्तीच मोजक्या पट्ट्यांत आहे.